बैठ्या खोलीवर तीन मजले, हातात महापालिकेची नोटीस: आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्यात वडिलांना माथाडी कामगार म्हणून मिळालेली सिडकोची बैठी खोली, जागा साधारण अडीचशे चौरस फूट. 2003 मध्ये तिच्यावर एक मजला चढवला, 2009 मध्ये दुसरा, पुढे त्यावर विटांच्या भिंती उभारून पत्रा टाकला. खाली आई राहते. वर सहा खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र संडास-बाथरूम, भाडेकरू महापे-रबाळ्याला कामाला जाणारी मुलं. सगळ्यात वर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या. आता महापालिकेची नोटीस आली आहे आणि त्याच महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या छताचा मोठा पोपडा खाली पडला. वकील म्हणतात स्टे घेऊ. ठेकेदार म्हणतो चार दिवसांत प्लास्टर मारून रंग देतो. शेजारी म्हणतात, गल्लीत सगळ्यांच्याच खोल्या अशा आहेत, काही होत नाही. तुम्ही विचारलंय, यातलं आधी काय करू?

यातलं काहीच आधी करू नका. आज संध्याकाळी दोन कामं करा. ज्या खोलीत पोपडा पडला तिथल्या मुलांना दुसरीकडे झोपायला पाठवा, आणि वरच्या दोन टाक्यांपैकी एक रिकामी करून बंद ठेवा. ही दोन्ही कामं फुकटात होतात. बाकीचं सावकाश सांगते.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. गेली 28 वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या इमारतींचं ऑडिट करते. नौपाडा-चरईतली पागडीची घरं, वागळे इस्टेटच्या मागच्या बाजूची दाटी, घणसोली-कोपरखैरण्याच्या बैठ्या खोल्या, गावठाणातल्या चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगा हे सगळं आतून पाहिलं आहे. तुमच्यासारखी नोटीस हातात घेऊन आलेल्या घरमालकांच्या बाबतीत मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. त्यांच्यापुढे दोन प्रश्न असतात, एक कागदाचा आणि एक भाराचा. बांधकामाला परवानगी होती का, हा कागदाचा. घर उभं राहणार का, हा भाराचा. आपल्याकडे माणसं सगळा पैसा, सगळी धावपळ पहिल्या प्रश्नावर खर्च करतात आणि दुसऱ्याला हातही लावत नाहीत. स्टेने महापालिकेचा हातोडा थांबतो. स्लॅब थांबत नाही.

भाराचं बघू. बैठ्या खोलीचा पाया बैठ्या खोलीपुरताच असतो. त्यावर तुम्ही काय ठेवलं आहे याचा अंदाज घ्या. साडेचार इंची भिंत, दहा फूट उंच, दोन्ही बाजूंनी प्लास्टर: तिचं वजन दर मीटर लांबीला 800 किलोच्या आसपास भरतं. साडेचार इंचाचा स्लॅब दर चौरस मीटरला 290 किलो. लादी आणि तिच्याखालचा माल आणखी शंभरेक. माणसं आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानक 875 मध्ये घरगुती वापराला दर चौरस मीटरला 200 किलो धरायला सांगितलं आहे, जिन्याला 300. हे सगळं तुमच्या अडीचशे चौरस फुटांना लावलं की एका मजल्याचं वजन तीस टनांच्या घरात जातं. म्हणजे रेतीने भरलेला एक दहा चाकी डंपर. असे दोन डंपर तुमच्या आईच्या डोक्यावर उभे आहेत, त्यांच्यावर तिसऱ्या मजल्याच्या भिंती, आणि सगळ्यात वर दोन टनांचं पाणी.

आता भाड्याच्या खोल्यांची खास गोष्ट, जी कुटुंबाच्या राहत्या घरात सहसा होत नाही. एका घराच्या सहा खोल्या केल्या की एका मोरीच्या जागी सहा संडास-बाथरूम येतात. मूळ स्लॅबमध्ये त्यासाठी खळगा सोडलेला नसतो. मग ठेकेदार फूटभर उंचवटा करतो, त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरतो, पाइप त्यातूनच फिरवतो. त्या भरावाचं वजन दर चौरस मीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो होतं. ते बऱ्याचदा बीम नसलेल्या जागी, स्लॅबच्या मध्यावर येतं. शिवाय तो भराव वर्षानुवर्षं ओला राहतो. सांध्यातून झिरपणारं पाणी खालच्या सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, आणि गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतं. काँक्रीट त्याला जागा देऊ शकत नाही, म्हणून ते फुटून खाली पडतं. तुमच्याकडे पडलेला पोपडा हा असा आला असावा. तो बहुधा वरच्या बाथरूमच्या खालीच पडला असेल. एकदा जाऊन बघा.

यात आपल्या भागाची हवा आणि मालही आले. खाडीकाठची खारी हवा आहेच. पण एके काळी खाडीतून काढलेली रेती नीट न धुता बांधकामात जायची, आणि तिच्यातलं मीठ काँक्रीटच्या पोटात राहायचं. असं काँक्रीट बाहेरून ठणठणीत दिसतं. म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून मत देणाऱ्या इंजिनीअरवर विश्वास ठेवू नका, तो कितीही अनुभवी असो. माझ्यावरही नको.

ऑडिट म्हणजे काय, हे घरमालकाला माहीत असलं पाहिजे, नाहीतर दोन पानांचं प्रमाणपत्र पैसे देऊन विकत घेतलं जातं. पहिली पायरी हातोडीची. प्रत्येक कॉलम, बीम, स्लॅब ठोकून बघायचा, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करायची. मग रिबाउंड हॅमर, त्याने फक्त वरच्या थराचा कठीणपणा कळतो. मग अल्ट्रासोनिक: काँक्रीटमधून ध्वनिलहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर गेली तर ठीक, तीनच्या खाली आली तर काँक्रीट संशयास्पद. मग गंज किती पसरला आहे याची हाफ-सेल चाचणी. त्यात वाचन उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं, तर तिथली सळई गंजते आहे असंच धरून चालायचं. फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारायचं: चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, मेलेलं तसंच राहतं. ही चाचणी घरमालकांना आवर्जून जवळ उभं करून दाखवते, कारण आकडे कोणाला पटत नाहीत, पण रंग न चढलेला कॉलम सगळ्यांना पटतो. गरज पडली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, काढायचा. आणि तुमच्यासारख्या घरात सगळ्यात महत्त्वाचं, पायाशी एक-दोन ठिकाणी खणून खाली नक्की काय आहे ते बघायचं. हे खणणं टाळून दिलेला अहवाल तुमच्या कामाचा नाही. वरचे मजले कितीही छान असले तरी पायात काय आहे हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर सहा खोल्यांचं दीड-दोन महिन्यांचं भाडं एवढ्यात हे सगळं होतं. ठेकेदाराचं प्लास्टर आणि रंग याहून स्वस्त पडणार नाही. आणि तो रंग घराची तब्येत सांगणाऱ्या सगळ्या भेगा झाकून टाकेल. ऑडिटच्या आधी भिंतीला ब्रश लागू देऊ नका.

इथे एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी चरईतल्या एका पागडीच्या घराचं ऑडिट केलं होतं. तळमजला अधिक दोन, मालक वयस्कर, स्वभावाने भला माणूस, आम्ही ठोकाठोक करत असताना स्वतः चहा घेऊन आला. मी लिहून दिलं की मागच्या दोन खोल्यांचा स्लॅब तातडीने टेकू लावून दुरुस्त करावा. अहवाल मालकाच्या कपाटात गेला. भाडेकरूंना दाखवला तर ते भाडं थांबवतील, अशी भीती त्याला वाटली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात तो स्लॅब पलंगावर पडला. त्या पलंगावर रोज दुपारी अभ्यास करणारी मुलगी त्या दिवशी क्लासला गेली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाचं पहिलं पान साध्या मराठीत असतं, त्यावर कोणती खोली कोणत्या तारखेपर्यंत रिकामी करायची एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्याची एक प्रत प्रत्येक खोलीत राहणाऱ्याच्या हातात द्यायची या अटीवरच मी काम घेते. तुम्हीही तुमच्या इंजिनीअरकडून तसं पान मागून घ्या.

शेजाऱ्यांचं म्हणणं, की काही होत नाही. 4 ऑगस्ट 2015 च्या पहाटे नौपाड्यात बी केबिनजवळची कृष्णा निवास कोसळली, 12 माणसं गेली. ती जुनी इमारत होती. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये 74 माणसं गेली, ती इमारत तर अजून बांधून पुरी व्हायची होती. 27 जुलै 2024 ला बेलापूरजवळच्या शहाबाज गावात जी पडली ती दहाएक वर्षांची होती. तिथले बहुतेक रहिवासी वेळीच बाहेर पडले म्हणून वाचले. या तिन्हींची वयं वेगवेगळी आहेत. इमारतीच्या वयावरून धीर धरू नका, आणि गल्लीतल्या इतर घरांवरून तर अजिबात नको. उलट तुमच्या गल्लीत धोका एकमेकांना चिकटलेला आहे. बैठ्या खोल्यांची भिंत सामाईक असते. तुमचा भार शेजाऱ्याच्या भिंतीवर येतो, त्याचा तुमच्यावर. म्हणून ऑडिटच्या आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना सांगा, त्यांच्या बाजूच्या भेगांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. पुढे काही पाडायची वेळ आली तर याच फोटोंवरून भांडणं मिटतात.

आता कागदाकडे. नोटीस घाबरून किंवा चिडून वाचू नका, तिच्यावरचं कलम वाचा. तुम्ही कलम लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 264 असेल तर महापालिका म्हणते आहे की घर मोडकळीला आलं आहे, पडू शकतं. त्याच्या जोडीला कलम 268 आलं तर रिकामं करण्याचा आदेश. 265-अ असेल तर 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल स्थैर्याचं प्रमाणपत्र मागितलं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते द्यायलाच हवं. कलम 260 किंवा 478 असेल तर विषय परवानगीविना बांधकामाचा. आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, म्हणजे ज्याला आपण एमआरटीपी म्हणतो, त्याचं 53 किंवा 54 असेल तरीही विषय अनधिकृत बांधकामाचाच, पण त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये फौजदारी शिक्षा आहे: एक महिना ते तीन वर्षं कैद, दोन ते पाच हजार रुपये दंड. दंडाची रक्कम पाहून लोक हसतात. कैदेची ओळ वाचत नाहीत.

264 ची नोटीस आणि 260 ची नोटीस यांना एकच उत्तर देता येत नाही. पहिलीला उत्तर इंजिनीअरच्या अहवालाने द्यायचं, दुसरीला वकिलाने. गंमत अशी होते की लोक 264 च्या नोटिशीविरुद्ध वकील उभा करतात आणि 260 च्या नोटिशीला ठेकेदाराची दुरुस्ती दाखवतात. दोन्ही वाया जातात. कोणतीही असो, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, आणि सुनावणीला स्वतः जा. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सांगितलं आहे की पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि कारणांसह लेखी आदेश हवा. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरचं बांधकाम किंवा न्यायालयानेच पाडायला सांगितलेलं बांधकाम याला हे लागू नाही. तुम्हाला मिळणारा हा वेळ घर सुरक्षित करायला वापरा.

तुमच्या मनात आलेला पुढचा प्रश्न मी ओळखते: घरपट्टी तर सहा खोल्यांची भरतो, मग अनधिकृत कसं? घरपट्टीने बांधकाम अधिकृत होत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर दुप्पट करापर्यंत शास्ती लावता येते, आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. वीजमीटर, नळजोडणी, आधार कार्डावरचा पत्ता यांनीही होत नाही.

नियमित करता येईल का? 2017 मध्ये एमआरटीपीत कलम 52-अ आलं, प्रशमित संरचनांचे, म्हणजे दंड भरून नियमित करायच्या बांधकामांचे, नियम आले, आणि 31 डिसेंबर 2015 पूर्वीच्या बांधकामांसाठी एक वाट ठेवली गेली. तुमचे पहिले दोन मजले तारखेने त्यात बसतात. पण त्या नियमांनी नदीपात्र, सीआरझेड (किनाऱ्यालगतचा नियंत्रित पट्टा) वगैरे जागा बाहेर ठेवल्या होत्या, आणि स्ट्रक्चरच्या दृष्टीने धोकादायक बांधकामंही बाहेर ठेवली होती. म्हणजे इथेही दार भाराच्याच प्रश्नातून उघडतं. नगररचना विभागात जाऊन असा अर्ज आज घेतात का, ते लेखी विचारा. जागा सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची आहे, त्यामुळे सिडकोचीही बाजू आहे. कुणा मध्यस्थाला ‘करून देतो’ म्हणून पैसे देऊ नका. दुसरीकडे, गावठाणातल्या गरजेपोटी घरांचे शासननिर्णय तुम्हाला लागू होत नाहीत. ते प्रकल्पग्रस्तांसाठी, म्हणजे ज्या गावकऱ्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या त्यांच्यासाठी आहेत. कोपरखैरणे गावातल्या मित्राचा सल्ला तुमच्या सेक्टरमधल्या खोलीला चालणार नाही.

ठाण्याच्या जुन्या भागातले काही घरमालक हेही विचारतात, म्हणून एक ओळ: मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळींना म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, ठाण्याच्या पागडीच्या घरांना तसं काही नाही. दुरुस्तीचा भार मालक आणि भाडेकरू यांच्यावरच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. त्याने टाळली तर भाडेकरू 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. दरमहा काही शे रुपये भाडं असलेल्या पागडीत या पाव हिश्शात सिमेंटच्या दोन-चार गोण्या येतात. म्हणून ती घरं तशी उभी आहेत.

तुमच्या भाडेकरू मुलांकडे येऊ. करार नोंदवला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘अकरा महिन्यांचा कागद’ असं लिहिलं आहे, म्हणजे स्टॅम्प पेपरवर सह्या करून ठेवला असणार. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं, नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तो म्हणाला की मी लायसन्सी (ठरावीक मुदतीच्या परवान्यावर राहणारा) नाही, भाडेकरूच आहे, तर ते खोडून काढायचा बोजा तुमच्यावर.

म्हणून ठेकेदाराने आणखी जे सुचवलं आहे, पाणी बंद करा म्हणजे आपोआप निघून जातील, ते मुळीच करू नका. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं कलम 29 खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ही मुलं गावाहून आलेली आहेत, महिन्याच्या पगारावर राहतात, त्यांचं डिपॉझिट तुमच्याकडे आहे. त्यांना बसवून खरं सांगा. घराची तपासणी होते आहे, पोपडा पडलेली खोली आज रिकामी, बाकीच्यांचा निर्णय अहवालानंतर. डिपॉझिट पूर्ण परत, राहिलेल्या दिवसांचं भाडं परत. मी असं केलेल्या मालकांकडे भांडण झालेलं पाहिलेलं नाही. लपवलेल्यांकडे मात्र पोलीस आलेले पाहिले आहेत.

अहवाल आला की त्यात एक वर्ग असेल. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2ब म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. पावसाळ्याआधी महापालिका जी धोकादायक इमारतींची यादी लावते ती याच वर्गांची असते. घर सी-1 निघालं तर अहवालाशी वाद घालायला दुसरा इंजिनीअर शोधत बसू नका. आईला आणि मुलांना हलवा, मग हवं तर दुसरं मत घ्या.

सी-1 नसेल, तरी माझं मत स्पष्ट आहे: वरचा पत्र्याचा मजला काढा. दुसरा मजलाही काढायची तयारी ठेवा. सहा खोल्यांच्या दोन होतील. तुम्ही खोलीमागे आठ हजार घेत असाल तर महिन्याला बत्तीस हजार जातील, आणि त्यावर घर चालत असेल तर ही रक्कम लहान नाही हे मला कळतं. पण बैठ्या खोलीच्या पायाला जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नवं काँक्रीट घालून, तीन मजले पेलायला लावणं, हे चिकटलेल्या भिंतींमध्ये, खाली आई राहत असताना, बहुतेक वेळा होत नाही. आणि ज्यांनी ते होतं म्हणून सांगितलं त्यांच्यापैकी कोणी पाया खणून बघितलेला नसतो. शिवाय स्वतःहून वाढीव मजला उतरवला तर नोटिशीला द्यायला त्याहून चांगलं उत्तर कोणत्याच वकिलाकडे नाही.

उतरवताना क्रम पाळा. पहिल्यांदा टाक्या. मग पत्रा, मग भिंती वरून खाली, वीट वीट सुटी करून. संडासांचा भराव हाताने काढायचा. ब्रेकर लावून स्लॅब एकदम खाली पाडायचा नाही. आणि सगळ्यात जास्त चूक होते ती डेब्रिजची, म्हणजे पाडलेल्या मालाची. मजूर दिवसभर पाडतात आणि माल खालच्या स्लॅबवर साठवून ठेवतात, उद्या टेम्पो येईल म्हणून. एक ब्रास (शंभर घनफूट) डेब्रिज म्हणजे जवळपास चार टन. दुबळ्या स्लॅबवर एका कोपऱ्यात चार टन ठेवणं म्हणजे स्वतःच त्याला पाडणं. रोजचा माल रोज खाली गेला पाहिजे. खालच्या मजल्यांना सुरुवातीपासून लोखंडी टेकू हवेत, एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत. पहिल्या मजल्याला टेकू दिले आणि तळमजल्याला दिले नाहीत तर सगळा भार आईच्या खोलीच्या छतावर आला. या काळात आईने तिथे राहायचं नाही. काम सुरू करण्याआधी विभाग कार्यालयाला इंजिनीअरच्या सहीचं पत्र द्या. रंग, लाद्या, प्लास्टर याला परवानगी लागत नाही. कॉलम-बीमला हात लावायचा तर लागते.

ज्या खोल्या उरतील त्यांच्याबद्दल थोडं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकच खोली असेल तर ती किमान 9.5 चौरस मीटर, रुंदी 2.4 मीटर, उंची 2.75 मीटर अशी मापं आहेत. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 पासून ठाणे-नवी मुंबईला लागू आहे, आणि पुढे कधी पुनर्बांधणी केलीत तर नकाशा तिच्यातूनच जाईल. तुमच्या मजल्यावर दोन खोल्या या मापात बसत नाहीत, एक बसते. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर आजच काढा, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये त्याच्या धुराने माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असतं. प्रत्येक खोलीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारं दार ठेवा. तुमच्याकडे खाली उतरायला एकच अरुंद लोखंडी जिना आहे, तो सायकली आणि सिलिंडरपासून मोकळा ठेवा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात आहे. आई म्हणतात, वडिलांनी मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहून हे उभं केलं, ते आपण आपल्या हाताने उतरवायचं का. आईंना सांगा की वडिलांनी घेतलेली खोली खाली आहे, आणि आपण ती वाचवतो आहोत. वरचे मजले उतरले तर तिला अजून बरीच वर्षं आहेत.

अहवाल येईपर्यंत रोज सकाळी दहा मिनिटं द्या. प्रत्येक मोठ्या भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना एपॉक्सीने चिकटवा, भेगेच्या टोकाला पेन्सिलने तारीख लिहा. दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या का बघा. छतातून वाळू गळते का बघा. कॉलमला उभी भेग दिसली, किंवा रात्री भिंतीतून कट्कट् आवाज आला, किंवा काचेची एक जरी पट्टी तडकली, तर इंजिनीअरला फोन करण्याआधी सगळ्यांना खाली रस्त्यावर आणा. आईला सगळ्यात आधी. मग 101 ला फोन करा.